अनुभव धागा : लहान गावातील आवडते कॉफीचे दुकान

टुमदार, लहानशा गावात आपले आवडते कॉफीचे दुकान असणे हे मोठे सुख आहे. मात्र ते सुख नेमके कशात असते, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. ज्यांना असे दुकान लाभले आहे, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. केवळ ‘वातावरण छान आहे’ एवढ्यावर न थांबता ते कशामुळे छान वाटते, हेही कृपया सांगावे.

*

माझ्यापुरते उत्तर चवीत आहे. आमच्या येथील दुकानाच्या मालकीणबाई कॉफीच्या बिया स्वतः, थोड्या थोड्या भाजतात. भाजल्यानंतर बियांतून बरेच दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि त्याचे प्रमाण जास्त असताना एस्प्रेसो, म्हणजे बारीक दळणातून दाबाने गरम पाणी सोडून केलेली दाट कॉफी, काढली तर पाणी दळणातून एकसारखे उतरत नाही. म्हणून ताजा माल त्या काही दिवस तसाच ठेवतात आणि त्यानंतरच वापरायला घेतात. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काम असते ते ग्राइंडर जुळवण्याचे. साधारण ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंदांत एस्प्रेसो उतरावी, असा प्रचलित आडाखा आहे. परंतु हवेतील दमटपणा बदलला किंवा बिया जुन्या होऊ लागल्या, की कालचे दळण आज तसे वागत नाही. पाणी फार लवकर उतरले तर कॉफी आंबट आणि पातळ लागते, फार रेंगाळले तर कडवट होते. बाई चव घेतात, दळण किंचित बारीक करतात, पुन्हा चव घेतात आणि समाधान झाल्यावरच पहिल्या ग्राहकाकडे वळतात. हे पाहायला मिळावे म्हणून मी मुद्दाम लवकर जातो. रोज साधारण किती कप लागतील, हे लहान गावात ठाऊक असते, त्यामुळे भाजलेला माल पडून राहत नाही. तेथील चवीचे अर्धे श्रेय मी या गोष्टीला देतो.

*

मी रुग्णालयात पाळीने काम करते. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी घेतलेल्या कॉफीचा अंमल रात्री झोपेच्या वेळीही बराच शिल्लक असतो. हे मी बोलण्याच्या ओघात एकदा सांगितले होते. तेव्हापासून दुकानातील दादा आधी विचारतात, ‘ताई, आज रात्रपाळी आहे का?’ नसेल तर मी न सांगताच ते डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, करतात. आपला दिवस कसा आहे हे विचारून कोणी आपल्यासाठी कॉफी करावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

*

वरील अनुभव वाचून रे ओल्डनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची आठवण झाली. घर आणि कामाचे ठिकाण यांपलीकडे माणसाला सहज जाऊन बसता येईल अशी तिसरी जागा हवी, असे त्यांनी १९८९ मध्ये मांडले. निवृत्तीनंतर या गावात राहायला आले, तेव्हा माझी येथे कोणाशीच ओळख नव्हती. दुकानातील लांब मेजावर अनोळखी माणसेही शेजारी बसतात. प्रथम वर्तमानपत्राची देवाणघेवाण झाली, मग नमस्कार, मग गप्पा. गावातील माझ्या बहुतेक ओळखी त्या मेजावर झाल्या. तेथे कोणी कोणाचा हुद्दा विचारत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते.

*

माझे मत थोडे निराळे आहे. मला तेथे बोलायचे नसते. खिडकीजवळची जागा, हातात पुस्तक आणि कप रिकामा झाला तरी ‘अजून काही हवे का?’ असे कोणी घाईने विचारत नाही, एवढ्यासाठीच मी जातो.

*

पहिल्या प्रतिसादातील बारकाव्यांबद्दल आभार. मी आमच्या दुकानातून बियाही विकत घेते. दळल्यावर बियांचा मोठा पृष्ठभाग हवेला उघडा पडतो आणि सुगंध झपाट्याने उडतो, म्हणून दुकानदारांनी मला घरी हाताने फिरवायचे ग्राइंडर घ्यायला सुचवले; पाणी उकळल्यावर क्षणभर थांबून, सुमारे ९० ते ९६ अंश सेल्सिअसला वापरावे, हेही त्यांनीच शिकवले. आता घरची कॉफी खरोखर उत्तम होते. तरीही माझे दुकानात जाणे कमी झालेले नाही. उलट, नव्या बिया आल्या की कप समोर ठेवून आम्ही दोघे त्यांच्या चवीबद्दल बराच वेळ बोलत बसतो.