‘मुडदा बशिवला’, ‘घरी बसवणे’ आणि ‘पाडणे’

कृष्णाकाठचा:
आमची आज्जी तासगावकडची. परवा पाटाचं पाणी शेजारच्या शिवारापर्यंत आलं आणि थांबलं. आज्जी कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. एका शेंगेला एक, अशा शिव्या पुढाऱ्याच्या नावानं चालू. “मुडदा बशिवला त्येचा!” शेजारचे तात्या म्हणाले, “आक्का, मारू नगासा, पाडा त्येला. मेला तर सा म्हैन्यात पोटनिवडणूक. पोरगं हुभं ऱ्हाईल, रडंल, आन् तुमीच मत द्याल.” आज्जी म्हणाली, “मंग घरी बसवू.”
मी अडकलो क्रियापदावर. मुडदाही बसवायचा आणि आमदारही बसवायचा?

दुष्काळी:
आमच्या जतकडं लिंगायत समाजात प्रेत बसवून पुरतात. शिवीतलं बसवणं मला तिथलंच वाटतं. ‘घरी बसवणे’ वेगळं, त्यात हातातलं काम काढून घेणं आहे. गिरणी सुटलेला घरी बसतो, गुडघा गेलेला पैलवानही.

मिरजवाली:
शिवीचं व्याकरण बघा. ‘बशिवला’ भूतकाळ, पण घडलेलं काहीच नाही! ‘मेला’, ‘पटकी आली’ तसंच. इच्छा आहे, ती झाल्यासारखी बोलायची. आणि बशिवला कुणी? कर्ताच नाही. ‘तळपट होवो’मध्येही नाही. काम परस्पर मरीआईवर सोपवलेलं. ‘पाडला’ म्हटलं की मात्र कुणीतरी पाडावं लागतं, रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून.
हरलेला स्वतः ‘पडलो’ म्हणतो. ‘मला पाडलं’ म्हणाला तर समजायचं, घरचेच फिरले. आपल्या जिल्ह्यात ‘पाडापाडी’ शब्द बहुतेक याच अर्थी.

साताऱ्याचा:
‘पाडणे’ एवढं सोवळं नाही हो. ‘मुडदा पाडला’ म्हणजे खून. निवडणुकीतलं पाडणं मात्र आखाड्यातलं असावं. तिथंही नुसतं पाडून कुस्ती होत नाही, पाठीला माती लागावी लागते. म्हणून ‘चीतपट’, ‘अस्मान दाखवलं’.
आमच्याकडं ऑक्टोबर २०१९ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे श्रीनिवास पाटलांकडून हरले. गावात वाक्य काय? “राजे पडले.” आदरार्थी बहुवचन शाबूत! ‘राजाला पाडला’ म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. २०२४ ला ते परत खासदार झाले. मुडदा बसवलेल्याला ही सोय नाही.

कृष्णाकाठचा:
‘डिपॉझिट घालवणे’ राहिलं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर लोकसभेला भरलेले २५,००० रुपये जातात. २०२४ ला सांगलीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांचंही गेलं. अपक्ष विशाल पाटील निवडून आले, ‘लिफाफा’ चिन्हावर. ‘लिफाफा’वर तेव्हा इतके विनोद झाले की वेगळा धागा निघेल.

दुष्काळी:
काढू नका.

मिरजवाली:
सोपं करते. शिवीत माणूस जातो, पाडल्यावर फक्त पद. पाडलेला लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो आणि त्याला ‘माजी’ म्हणून हाक मारता येते. ती मजा तळतळाटात कुठली?

कृष्णाकाठचा:
मिरजवालींचा प्रश्न आज्जीला विचारला. मुडदा बशिवला, तर कुणी बशिवला?
“तुज्या बानं.”
कर्ता मिळाला.