नौदलाचा माणूस राहून गेला

नायजेरियाच्या यादवी युद्धावरच्या (१९६७-७०) चर्चेत लष्करी राष्ट्रप्रमुख गोवॉन आणि फुटून निघालेल्या पूर्वेकडच्या बियाफ्राचे नेते ओजुक्वू या दोनच नावांचा उल्लेख आला, म्हणून भर घालतो. जोसेफ एडेट अकिन्वाले वेय हे नाव त्यात यायलाच हवं.

जन्म १९१८, कॅलाबार. इंग्रजांच्या काळात ते तिथल्या सागरी खात्यात इंजिनिअर झाले. १९५६ मध्ये नौदल उभं राहिलं तेव्हा त्यात आले आणि १९६४ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्याकडून सूत्रं घेऊन पहिले नायजेरियन नौदलप्रमुख झाले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. आपल्याकडे पहिले भारतीय नौदलप्रमुख कटारी यांची नेमणूक व्हायला १९५८ उजाडलं! आणि इंजिनरूममधून आलेला माणूस थेट सर्वोच्च पदावर, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जानेवारी १९६७ मध्ये युद्ध टाळण्यासाठी गोवॉन आणि ओजुक्वू यांच्यात घानातल्या अबुरी इथे झालेल्या वाटाघाटींना ते हजर होते. युद्ध पेटल्यावर त्यांच्या लहानशा नौदलाने बियाफ्राची सागरी नाकेबंदी केली, जुलैमध्ये तेलाचं बंदर बॉनी इथे सैन्य उतरवलं. बियाफ्राचा समुद्राकडचा श्वास तिथेच कोंडला. त्याच नाकेबंदीने पुढे उपासमारही वाढवली, हेही नोंदवायलाच हवं.

१९७५ मध्ये गोवॉन यांची सत्ता उलथली, त्याबरोबर वेयही निवृत्त झाले.