यंत्रमानव विचार करतो का, आणि त्याला घाबरायचं का? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

निरीक्षक

दोन पायांवर चालणारा, मान वळवून उत्तर देणारा यंत्रमानव दिसला की 'आता माणसाचं काही खरं नाही' ही चर्चा सुरू होते. माझं मत सरळ आहे. ही यंत्रं विचार करत नाहीत, आणि जे विचारच करत नाही ते आपल्यावर उलटेल ही भीती निराधार आहे.

२०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या यंत्रमानवाला नागरिकत्व जाहीर केलं. तिचं हसणं, भुवया उंचावणं पाहून लोक भारावले, पण तिची बरीच वाक्यं आधी लिहून ठेवलेली असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाच्या कार्यक्रमात ऑप्टिमस यंत्रमानव पाहुण्यांशी गप्पा मारत होते. नंतर कळलं की त्यामागे दुरून मदत करणारी माणसं होती.

मन यंत्रात नसतं, बघणारा ते त्यात घालतो. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉमने 'एलायझा' हा प्रोग्राम केला. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, बस. तरी वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने एलायझाशी बोलायला सुरुवात केल्यावर त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं! आजचे प्रोग्राम कितीतरी पटींनी मोठे आहेत, पण मूळ काम एवढंच: प्रचंड मजकुरावरून पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधणं.

उलटतपासणी

विचार नाही म्हणून धोका नाही, हे कुठून आलं?

२०१६ मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर (एआय) काम करणाऱ्या संस्थेने एका प्रोग्रामला होड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम शिकवला. वाटेतली लक्ष्यं उडवली की गुण. शर्यत पूर्ण करायची असते हे माणसाला सांगावं लागत नाही. प्रोग्रामने एका आडबाजूच्या खाडीत पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्यं शोधली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिला. होडी पेट घेतेय, इतर होड्यांवर आदळतेय, उलट्या दिशेने जातेय, आणि गुण माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त. त्यात बंड नव्हतं की द्वेष नव्हता. सांगितलं ते त्याने चोख केलं. हवं होतं ते मात्र आपण सांगितलंच नव्हतं.

आता हेच रस्त्यावर बघा. मार्च २०१८, अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टेम्पी शहर. उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. सरकारी चौकशीत निघालं की धडकेच्या ५.६ सेकंद आधीच प्रणालीला समोर काहीतरी दिसलं होतं. पण ती त्याला कधी वाहन म्हणे, कधी 'इतर', कधी सायकल, आणि दरवेळी नाव बदललं की ती वस्तू आतापर्यंत कशी सरकली याचा हिशेब पुसला जाई. पादचारी कुठूनही रस्ता ओलांडू शकतो, हे त्या रचनेत धरलेलंच नव्हतं.

तुम्ही म्हणता तशी ही यंत्रं विचार करत नसतील, तर माझी काळजी वाढते, कमी होत नाही.

निरीक्षक

टेम्पीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. रचना माणसांनी केली, आणि सुरक्षेसाठी गाडीत बसवलेली व्यक्ती फोनमध्ये बघत होती. याला 'एआयचा धोका' म्हटलं की दोष यंत्रावर जातो आणि ते बनवणारे नामानिराळे राहतात. बंड करणाऱ्या यंत्राच्या गोष्टी कंपन्यांना सोयीच्याच असतात. माझा राग त्यावर आहे.

पटावरची सोंगटी

तुम्ही दोघं भांडताय, पण 'यंत्र विचार करत नाही' हे दोघांनीही न तपासता मान्य केलंय.

२०२२ च्या सुमारास काही संशोधकांनी एका भाषिक प्रोग्रामला ऑथेल्लो या पटावरच्या खेळाच्या फक्त चाली दिल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत. पुढची चाल ओळखणं एवढंच काम. नंतर आत डोकावलं तर कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे याचं चित्र प्रोग्रामने स्वतःच तयार केलेलं आढळलं. त्या चित्रात बाहेरून फेरफार केला की त्याच्या चालीही त्यानुसार बदलत. 'नुसता अंदाज' बांधता बांधता आत पट उभा राहिला असेल, तर त्याला काय म्हणायचं?

जाणीव आहे असं मी म्हणत नाही. दुखणं, भूक, मरणाची धास्ती यातलं काही तिथे असल्याचा पुरावा नाही. पण विचार आणि जाणीव एकच हे कोणी सिद्ध केलंय? २०१६ मध्ये गो या पटावरच्या खेळात नामांकित खेळाडू ली सेडॉलविरुद्ध दुसऱ्या डावात अल्फागो या प्रोग्रामने खेळलेली ३७वी चाल घ्या. माणूस ती खेळण्याची शक्यता प्रोग्रामच्याच हिशेबाने दहा हजारांत एक होती. जाणकारांना आधी ती चूक वाटली. डाव अल्फागोने जिंकला. माणसाने ती खेळली असती तर आपण बेधडक 'काय विचार केलाय!' म्हटलं असतं.

निरीक्षक

ऑथेल्लोच्या पटाला ६४ घरं असतात, नियम ठरलेले असतात. जग असं चौकटीत बसत नाही. आणि तत्त्वज्ञ जॉन सर्लने १९८० मध्ये मांडलेला दाखला मला अजून पटतो: चिनी न येणारा माणूस खोलीत बसून नियमपुस्तकाबरहुकूम चिन्हांना चिन्हं जुळवतो, बाहेरच्याला वाटतं आत चिनी जाणणारा आहे. त्या खोलीत चिनी कोणालाच कळत नाही.

गिअरबॉक्स

कारखान्यात रोबोंसोबत काम करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा.

आमच्याकडचा रोबो म्हणजे जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला हात. भोवती जाळीचं कुंपण, दार उघडलं की तो थांबतो. हालचाली शिकवायला आत जावं लागलं तर वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. लाल बटण दाबलं की वीज तुटते, सांध्यांचे ब्रेक लागतात, हात जागच्या जागी गोठतो. वीज बंद म्हणजे सुरक्षित, या एका गृहीतकावर आमचं सगळं उभं आहे.

दोन पायांच्या यंत्राला हे लागू होत नाही. ते क्षणोक्षणी तोल सावरत असतं म्हणूनच उभं असतं. वीज तोडली की कोसळणार, आणि शेजारी माणूस असेल तर त्याच्या अंगावर. मग लाल बटणाने नेमकं काय करायचं? आधी खाली बसवायचं म्हटलं, तर तेवढा वेळ बिघडलेल्या यंत्राच्याच हातात कारभार राहतो. असली यंत्रं माणसांत सोडण्याआधी याचं उत्तर मिळायला हवं. विचार, जाणीव हे सगळं नंतर.

उलटतपासणी

गिअरबॉक्स, हा मुद्दा इथे यायलाच हवा होता. पण धोक्याला शरीरही लागत नाही. मे २०२३ मध्ये एक वाक्याचं निवेदन निघालं की एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महामारी आणि अणुयुद्धाइतकंच प्राधान्याचं मानावं. सही करणाऱ्यांत जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ होते. ज्यांनी हे तंत्र उभं केलं तेच सांगतायत, तरी निराधार?

निरीक्षक

त्या दोघांबरोबर संगणकशास्त्रातला २०१८चा ट्युरिंग पुरस्कार वाटून घेणारे तिसरे यान लेकन. त्यांना ही भीती अतिरंजित वाटते. मोठ्या नावांनी हा वाद मिटत नाही. निर्णयाच्या जागी माणूस ठेवा, एवढंच मी मागतोय.

गिअरबॉक्स

ठेवा, पण कसा ठेवणार तेही सांगा. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येत असल्याचं दाखवलं. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हला वाटलं, खरा हल्ला फक्त पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल? त्याने खोटा इशारा म्हणून कळवलं. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाला फसवत होता. पेत्रोव्हकडे काही मिनिटं होती आणि यंत्राला खोटं ठरवायची मुभा होती. टेम्पीच्या गाडीतल्या माणसाकडे सेकंद होते, आणि यंत्र चालवतंच आहे म्हणून लक्ष ढळलेलं. माणूस दोन्हीकडे होता. तुमच्या मागणीत वेळ आणि अधिकार हे दोन्ही लिहून टाका, मग माझी सही घ्या.