दोर्दोन्यच्या खोऱ्यातील मध्ययुगीन गावे: मुक्काम कोठे करावा?

प्रश्न: नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात सप्टेंबरमध्ये आठवडाभर राहण्याचा आमचा विचार आहे. किल्ले आणि जुनी गावे भोवतालच्या शेतशिवारासह निवांत पाहायची आहेत. मुक्काम कोठे करावा आणि मोटार आवश्यक आहे का?

पहिले उत्तर: मुक्काम सार्ला येथे करावा, ऐतिहासिक वस्त्या जपण्यासाठीच्या १९६२ च्या मालरो कायद्यामुळे तेथील जुनी दगडी वस्ती उत्तम जतन झाली आहे. जवळच नदीच्या दोन काठांवर बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले आहेत. शतवर्षीय युद्धात पहिला फ्रेंचांच्या, तर दुसरा बराच काळ इंग्रजांच्या बाजूला होता, त्यामुळे कास्तेलनोच्या तटावरून पलीकडे पाहताना त्या काळची सीमा डोळ्यांना प्रत्यक्ष दिसते. तेथील मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय घाईत पाहू नये.

दुसरे उत्तर: माझ्या मते खरा ठेवा मोंपाझिए आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये वसवलेल्या या नगरात काटकोनात छेदणारे रस्ते, कमानींनी वेढलेला चौक आणि लाकडी छताचा बाजारमंडप आजही आहे. फ्रेंच राजाने १२८१ मध्ये वसवलेले दोम मात्र उंच कड्यावर असल्याने तेथे आराखड्याला डोंगरापुढे नमते घ्यावे लागले. म्हणून दोन्ही गावे अवश्य पाहावीत.

तिसरे उत्तर: सार्लापर्यंत रेल्वे आहे, पण पुढे मोटार हवीच. पायी फिरताना पिवळ्या खुणा स्थानिक वाटांच्या, तर पांढऱ्या-लाल खुणा दूरच्या पल्ल्याच्या समजाव्यात.