पणजोबांच्या चित्रावर पांढरे डाग, तातडीने मदत हवी आहे

ओटीवरचा: राजापूरच्या घरात ओटीवर पणजोबांचं रंगवलेलं मोठं चित्र आहे. यंदा भिंतीला ओल आली आणि पगडीजवळ, खांद्यावर पांढरे डाग उमटले. गणपतीला सगळे जमणार, तोवर स्वच्छ करायचंय. कशाने पुसू? लवकर सांगा.

रंगपेटी: कॅनव्हास की कागद? काच आहे का? डाग भुकटीसारखे आहेत की रंगच पांढुरका झालाय? फोटो टाका.

माजघर: बटाटा अर्धा कापून हलक्या हाताने फिरवा, मग ओल्या फडक्याने पुसा. आमची रविवर्म्यांची लक्ष्मी अशीच लख्ख झाली.

रंगपेटी: कृपा करून असं सुचवू नका. तुमची लक्ष्मी बहुधा ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची छापील नक्कल असेल. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि अशी चित्रं घरोघरी गेली. तैलचित्राच्या भेगांतून पाणी शिरलं की रंगाखालचा सरसाचा, म्हणजे गोंदासारखा थर फुगतो, रंगाच्या खपल्या उडतात. शिवाय बटाट्याच्या पिठावर बुरशी पोसते.

माजघर: वीस वर्षं झाली, लक्ष्मीला काही झालेलं नाही. न बघता छापील कशी ठरवलीत?

करवीर: सही बघा. कोल्हापूरच्या चित्रकाराचं असेल तर मोल वेगळंच. आबालाल रहिमान १९३१ साली गेले, त्यांचं काम अजून कुणाकुणाच्या घरात असेल.

ओटीवरचा: सही नाही, कोपऱ्यात फोटो स्टुडिओचा शिक्का आहे. आणि हो, काच आहे. काढायला गेलो तर खांद्याशी चिकटलीये. जोर लावू का?

रंगपेटी: अजिबात नको! शिक्का आहे म्हणजे बहुतेक मोठा करून वरून रंगवलेला फोटो. त्याच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, ओलीने तो मऊ पडून काचेला धरतो. ओढलीत तर पणजोबांचा खांदा काचेबरोबर येईल. भिंतीवरून उतरवा, कोरड्या खोलीत आडवं ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायरही नको. काचेसकट नीट फोटो काढून ठेवा, गणपतीला त्याचीच प्रत लावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

करवीर: पगडी कुठल्या घाटाची आहे?

माजघर: फोटो असेल तर बटाटा नको, हे मान्य.

ओटीवरचा: उतरवलं. मागच्या पुठ्ठ्याला कुबट वास येतोय, काढून टाकू?

रंगपेटी: पुठ्ठा सुटा आहे की फोटोच त्यावर डकवलाय?