मदत हवी आहे : प्रोटॉनचं उरलेलं वस्तुमान येतं कुठून?

नमस्कार मंडळी. रविवारी भाचीला घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो. परतताना तर्री-पोहे खाता खाता तिने विचारलं, "मामा, प्रोटॉन कशाचा बनलेला असतो?" अकरावीत आहे पोट्टी. मी ऐटीत सांगितलं, क्वार्क नावाच्या तीन मूलकणांचा : दोन अप क्वार्क, एक डाऊन. तिने तिथेच मोबाईल काढून वस्तुमानांची बेरीज मांडली. अप सुमारे २.२, डाऊन ४.७, म्हणजे तिघे मिळून जेमतेम ९ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). आणि प्रोटॉन ९३८! "बाकीचं कुठून आलं?" माझा चमचा तर्रीतच राहिला.

हिग्ज नावाच्या, सगळीकडे पसरलेल्या क्षेत्रामुळे मूलकणांना वस्तुमान मिळतं असं २०१२ पासून ऐकतोय, पण ते या ९ पुरतंच दिसतं. उरलेलं सगळं म्हणजे क्वार्कांची धावपळ आणि त्यांना बांधणाऱ्या ग्लुऑन कणांची ऊर्जा, असं वाचलं. पण ग्लुऑनला स्वतःला तर वस्तुमानच नाही! मग नुसती ऊर्जा तराजूत भरते कशी? ई बरोबर एमसी वर्ग म्हणून मला मोकळं होता येईल, ती तेवढ्यावर ऐकणारी नाही.

गणित कमी, घरगुती उदाहरण जास्त, असं कोणी समजावेल का? येत्या रविवारी ती पुन्हा येतेय.