मदत हवी आहे: १६:८ उपवास (१६ तास उपाशी, ८ तासांत खाणं) आणि पहाटे उपाशीपोटी हिट व्यायाम (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ आराम), दोन्ही एकत्र झेपत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी बेळगावचा, राहायला अनगोळला, कामाला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये. वय ४४. दिवाळीनंतर हेल्थ चेकअप झाला त्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं, ट्रायग्लिसराइड २३८, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १, वजन ९२ किलो, उंची ५ फूट ७ इंच, पोटाचा घेर ४१ इंच. डॉक्टर म्हणाले ६.५ आलं की डायबेटीस, ५.७ च्या आत असायला पाहिजे, तुम्ही मधे अडकलाय, शुगरची गोळी आत्ता नको, आधी वजन उतरवा. बीपीची गोळी मात्र जुनीच चालू आहे, टेल्मिसार्टन ४०, सकाळी घेतो. बाबा शुगरनंच गेले, आईलाही आहे, त्यामुळं मी हे एकदम मनावर घेतलोय.

तर १६:८ सुरू केलो. दुपारी १२ ला कँटीनमध्ये डबा, रात्री ८ ला शेवटचं जेवण, तिथनं दुसऱ्या दिवशी १२ पर्यंत फक्त पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा. त्याच्या जोडीला जिममध्ये पहाटे ५ ची हिटची बॅच धरलो, आठवड्यातून पाच दिवस, बर्पी, केटलबेल, दोरी, ३० सेकंद जीव तोडून आणि ३० सेकंद दम खायचा, आणि तिथनं तसाच ७ ची फर्स्ट शिफ्ट. रविवारी राजहंसगड चढून येतो, तो पण उपाशीपोटीच. व्हिडिओत सगळे हेच सांगतात की पोट रिकामं असलं की शरीर थेट चरबीच जाळतं आणि ऑटोफॅजी (पेशी आपलाच टाकाऊ भाग मोडून परत वापरतात ती क्रिया) होते, त्याला नोबेल पण मिळालंय.

फायदा झाला हे खरं आहे. वजन ८५ पर्यंत आलं, पँटी सैल झाल्या, रात्रीचं घोरणं कमी झालं असं मिसेस म्हणते. पण आता वजन हलायलाच तयार नाही आणि नवीनच त्रास सुरू झालाय. सकाळी ११ च्या सुमाराला मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून जॉब चेक करतोय तर हात थरथरतोय, थिंबल फिरवताना बोटाला अंदाजच येत नाही, रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात, आणि खाली वाकून उठलो की डोळ्यासमोर अंधारी. आमचं काम फिरत्या मशीनजवळचं, सुपरवायझरनं बघितलं आणि हाताला धरून बसवलं.

आईच्या ग्लुकोमीटरवर बघितलो तर अजून गोंधळ झाला. जिमला जायच्या आधी १०४ आणि आल्यावर १३३, पोटात अन्नाचा कण नसताना! अंधारी आली त्या दिवशी ७६. मग व्यायामानं शुगर वाढतीय की कमी होतीय? आणि संध्याकाळी घरी आलो की भूक आवरतच नाही, शेंगा, फरसाण, चार चार भाकऱ्या, रात्रीपर्यंत तोंड चालूच.

आमच्या गल्लीतल्या तालमीतले वस्ताद परवा म्हणाले, "जोर-बैठका मारून उपाशी फिरणारा पैलवान बघितलास काय कधी? मेहनत आहे, खुराक कुठाय तुझा?" ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. उपवास सोडू, का व्यायाम कमी करू, का दोन्हीच्या वेळा बदलू? उपवासानं फायदा झालाय त्यामुळं सोडायला जीव होत नाही. आणि एक महत्त्वाचं, आई ६८ वर्षांची, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी घेते, माझं वजन उतरलेलं बघून ती पण सकाळची न्याहारी बंद करतो म्हणतीय. तिला काय सांगू? कृपया अनुभव असलेल्यांनी किंवा जाणकारांनी सांगा.

खानापूरचा डॉक्टर

आईंचं आधी सांगतो कारण ते जास्त गंभीर आहे. त्यांना न्याहारी अजिबात बंद करू देऊ नका. ग्लिमेपिराइड हे औषध पोटात अन्न असो नसो शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यावर उपाशी राहिलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते आणि या वयात चक्कर येऊन पडलं, मांडीचं हाड मोडलं म्हणजे काय होतं ते मी रोज बघतो. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर हा धोका बराच कमी होता. त्यांना वेळ बदलायचीच असेल तर आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

आता तुमचं. ७६ ही कमी शुगर नाही, त्यामुळं अंधारीचं कारण मला दुसरीकडं दिसतं. ७ किलो वजन उतरलं की बीपी पण उतरतं, गोळी मात्र ९२ किलोवाल्या माणसाचीच चालू आहे, वर पहाटे घामातून पाणी-मीठ गेलेलं आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही. पाच मिनिटं झोपून बीपी मोजा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० नं पडला तर तेच कारण धरा. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडं न्या, डोस कमी करायचा का ते ते ठरवतील, गोळी स्वतःहून बंद करू नका. तोवर मशीनवर जायच्या आधी उपाशीपोटी हिट बंद. छातीत दुखलं किंवा बेशुद्ध झालात तर इथं विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

निपाणीची आहारवाली

दादा, १३३ ला घाबरू नका. जीव तोडून व्यायाम केला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि लिव्हर आपली साठवलेली साखर रक्तात सोडतं, स्नायूंना तेवढी लगेच घेता येत नाही म्हणून तो आकडा दिसतो, थोड्या वेळानं खाली येतो. भरभर चालण्यात असं सहसा होत नाही. लिव्हरमधला हा साठा असतो साधारण १०० ग्रॅमचा, त्यातला बराचसा रात्रभरात संपलेला असतो, आणि तुम्ही उरलेला पहाटे ५ ला ओढून काढताय, मग ११ ला हातपाय गळणारच की.

उपाशीपोटी चरबी जास्त जळते हे त्या तासापुरतं खरं आहे, दिवसभराच्या हिशोबात तो फरक भरून निघतो. २०१४ मध्ये महिलांच्या दोन गटांवर चार आठवडे बघितलं होतं, एक गट खाऊन व्यायाम करणारा, एक उपाशी, कॅलरी सारख्याच, आणि शेवटी चरबीत फरक आला नाही. लहान अभ्यास आहे पण तुमच्या प्रश्नावरच आहे. १६:८ चं पण तसंच. अमेरिकेत २०२० मध्ये ११६ लोकांना १२ आठवडे तपासलं, तुमच्यासारखंच दुपारी १२ ते रात्री ८ खाणारे आणि दिवसातून तीनदा खाणारे, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही, उलट उपवासवाल्यांत जे काही उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच निघाला. मला काळजी तिथंच वाटते. जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू, तेच गेले तर वजनकाटा खूश आणि एचबीएवनसी जागेवर. आणि ते नोबेल २०१६ चं, ओसुमी यांचं, काम यीस्टच्या पेशींवरचं आहे, त्यावरून माणसानं किती तास उपाशी राहावं हे ठरत नाही.

तुमचं वस्ताद बरोबर बोलले. खुराक म्हणजे तूप-बदाम नाही, प्रोटीन. ८५ किलोला दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, चिकन असेल तर १०० ग्रॅमला २५ च्या पुढं. आपल्याकडचे हुलगे विसरू नका, कोरड्या १०० ग्रॅममध्ये २० च्या वर प्रोटीन असतं, मोड काढून उसळ करा आणि त्याचं कट फेकू नका. भाकरी दोन, उसळ मोठी वाटी, दही, कांदा-काकडी, असं दुपारचं ताट भरलं की संध्याकाळची फरसाणाची ओढ आपोआप कमी होते बघा.

गडहिंग्लजचा धावणारा

मीही पहाटे उपाशी पळायचो, आता वेळ बदलली. तुमची शिफ्ट ३ ला सुटते ना, मग ४.३० ची जिम का नाही? १२ चा डबा पोटात, ५.३० ला सुटायचं, ७ ला जेवण. उपवास तोच राहतो, फक्त मेहनत खाण्याच्या वेळेत आली. हिट दोनच दिवस, मधे एक दिवस सोडून, दोन दिवस वजनं (स्क्वॉट, रो, प्रेस), बाकी दिवस तुमच्या बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर भरभर चालणं. जेवल्यावर १५ मिनिटं चाला, बस. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या डायबेटीस प्रतिबंधाच्या अभ्यासात ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढंच ध्येय होतं, त्यावर डायबेटीस होणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे ७ टक्के तर उतरून झालेत!

अनगोळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. झोपून-उठून बीपी मोजलो, झोपलेलं १२४, उभं राहिल्यावर ९८. डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलोय, तोवर पहाटेची बॅच बंद. आईला खानापूरच्या डॉक्टरांचं वाचूनच दाखवलो, गोळीचं नाव ऐकल्यावर गप्प न्याहारीला बसली. ताई, हुलगे आजच भिजत घातलेत.

आता एकच राहिलं. महिन्यातून एक आठवडा थर्ड शिफ्ट येते, रात्री ११ ते सकाळी ७. त्या आठवड्यात उपवास पूर्ण सोडायचा, का रात्री कामावर खाणं बंद ठेवून सकाळी घरी येऊन जेवायचं, आणि वजनं कधी उचलायची, झोपायच्या आधी की उठल्यावर? कोण नाईट शिफ्टवाले असतील तर प्लीज सांगा.